थाटीपुरात ठेवलेलं प्रस्थान

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत की आजोबा विमानाने बंगळूरला गेले हे खरं का, आणि खरं असेल तर त्यांना विमानात चढवलं कुणी. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेली हकीकत अर्धी आहे आणि आजोबा सांगतात ती फार सोयीची आहे. म्हणून मी क्रमाने लिहिते. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या, पण मधले परिच्छेद गाळू देऊ नका. तिला ती सवय आहे.

आधी विमानतळ. ग्वाल्हेरला विमानतळ आहे आणि म्हटलं तर नाहीही. धावपट्टी फौजेची आहे. त्यांची लढाऊ विमानं आकाश फाडत जातात, तेव्हा मी फोनवर "थांबा जरा" म्हणते आणि तुम्ही हसता, ती तीच. त्यांच्या कामातून जो वेळ उरतो त्यात प्रवाशांच्या विमानाने यायचं, माणसं उतरवायची, दुसरी भरायची आणि निघायचं. या उरलेल्या वेळाला स्लॉट म्हणतात. हा शब्द आता आमच्या भाजीवालीलाही येतो. नवी इमारत मोठी देखणी झाली आहे. उंच छत, दगडी जाळ्या, आणि खुर्च्या इतक्या की एका विमानाचे सगळे प्रवासी आडवे झाले तरी पुरून उरतील. हलवायाने लखलखीत शोकेस बनवावं आणि भट्टी मात्र शेजाऱ्याची असावी, तिथे पातेलं चढवायला शेजारी सांगेल तेव्हाच मिळावं, असा सगळा कारभार.

तरी बंगळूरचं थेट विमान सुरू झालं तेव्हा शहराला केवढा अभिमान! आमच्या शिंदे की छावनीत ज्यांनी आयुष्यात झाशी ओलांडली नाही, त्यांनाही त्याचं वेळापत्रक पाठ झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी दोन वाजता. कोपऱ्यावरचा किराणावाला मला साखर बांधून देताना म्हणाला, "आंटीजी, अब तो बंगलोर ढाई घंटे में." मी विचारलं, "आप कब जा रहे हैं?" तो म्हणाला, "हमें क्या करना है वहाँ? पर जा तो सकते हैं ना."

आजोबांचंही मत तंतोतंत हेच होतं. जाता येतं हे समाधान त्यांना पुरेसं होतं. प्रत्यक्ष जाण्याने त्यात काही भर पडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

आता आक्कांविषयी. आजोबांच्या या थोरल्या बहिणीला तुम्ही फक्त फोटोत पाहिलं आहे. आजोबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. आक्का तेव्हा तेरा वर्षांच्या. आजोबांना भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं आणि शाळेतून पळून आल्यावर बडवलं, ते सगळं त्यांनी. त्या बंगळूरला मुलाकडे राहायला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत आजोबा एकदाही त्यांना भेटायला गेले नव्हते. दर दिवाळीला आक्का बोलावत. दर दिवाळीला आजोबा भिंतीवरचं पंचांग काढत, चष्मा पुसत, आणि काहीतरी सापडत असे. कधी अमावस्या आडवी येई, कधी दिशाशूल म्हणजे त्या वारी त्या दिशेला प्रवास वर्ज्य, कधी नुसताच "दिवस बरा नाही". पंचांग कमी पडलं तर कंबर होती. दीड दिवस रेल्वेत बसवत नाही, दिल्लीपर्यंत मोटारीत बसवत नाही. भाऊबिजेला भाऊ आला नाही तर बहिणीने चंद्राला ओवाळायचं असतं. अकरा वर्षं आक्का गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळत होत्या. चंद्र निदान वेळेवर येतो, असं त्या फोनवर म्हणत. त्यावर आजोबा हसत आणि फोन माझ्याकडे देत.

एका मंगळवारी संध्याकाळी आक्कांच्या मुलाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मामा, आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय. शुक्रवारी सकाळी सातला ऑपरेशन."

"बरं," आजोबा म्हणाले.

"मामा, एक सांगतो, रागवू नका. तिची आठवण हल्ली येऊन-जाऊन असते. कधी मला ओळखते, कधी मला डॉक्टर समजते. डॉक्टर म्हणतात, या वयात भूल दिल्यावर काय राहील, काय नाही, सांगता येत नाही. काल ती तुमचं नाव घेत होती. यायचं असेल तर शुक्रवारच्या आत या."

फोन ठेवल्यावर आजोबा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "ती मला ओळखते तोवर तिच्यासमोर उभं राहायचंय. बस, एवढंच." बावन्न वर्षांच्या संसारात मी त्यांच्या तोंडून "मला अमुक हवंय" असं क्वचितच ऐकलं आहे. भाजीतल्या मिठाविषयीसुद्धा ते "मीठ कमी वाटतंय का कुणाला" असं विचारतात.

मंगळवारचं विमान केव्हाच गेलं होतं. शनिवारच्या विमानाचा उपयोग नव्हता. गुरुवारच्या विमानात दोन जागा मिळाल्या आणि मी त्या घेतल्या. मग आजोबांनी पंचांग काढलं. मी आधीच चहा टाकला.

गुरुवार, म्हणजे दक्षिणेला दिशाशूल. बंगळूर दक्षिणेला. गुरुवारी राहुकाळ दीड ते तीन. विमान दोनला. दोन वाईट गोष्टी इतक्या नेमकेपणाने एकत्र आलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

"अहो, आता तरी..." मी म्हटलं.

"मी जाणार नाही असं म्हटलं का? मी फक्त वेळेचं बघतोय." आणि त्यांनी विमानकंपनीला फोन लावला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून शब्द न बदलता लिहिते.

"बेटा, दो बजे राहुकाल है. इसको घंटा-डेढ़ घंटा इधर-उधर कर सकते हो क्या?"

"सर, क्या है दो बजे?"

"राहुकाल. डेढ़ से तीन."

"सर, टाइम हम चेंज नहीं कर सकते. रनवे का स्लॉट हमारे हाथ में नहीं है."

"तो किसके हाथ में है?"

"सर, वो ऊपर से आता है."

"हमारा भी," आजोबा म्हणाले आणि अगदी आदराने फोन ठेवला. त्यांना वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

मी म्हटलं, "दोन्हीकडे रीत एकच दिसते. वेळ वरून ठरते आणि कारण कुणी सांगत नाही."

"तुझं इंग्रजी शिक्षण बोलतंय," ते म्हणाले.

मग त्यांना प्रस्थान आठवलं. तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नसणार. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आदल्या एखाद्या चांगल्या वेळी आपलं थोडं सामान कापडात बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या वेळीच सुरू झाला असं धरतात. प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं स्वतःच्या हाताने उचलायचं आणि पुढे जायचं, घरी परतायचं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आजोबांच्या सावत्र आई, याला पस्ताना म्हणत आणि उज्जैनला जायचं तरी ठेवत. मला नव्याने लग्न होऊन आल्यावर हा निव्वळ अडाणीपणा वाटला होता. आता वाटतं, वेळ आपल्या हातात नसेल तर तिच्याशी बोलणी करायची ही एक सभ्य पद्धत आहे.

पण दिशा कुठली? बंगळूर दक्षिणेला आणि विमानतळ ईशान्येला. आजोबांनी कंपू भागात राहणाऱ्या आमच्या गुरुजींना फोन केला. गुरुजी तरुण आहेत, घाईत असतात. ते म्हणाले, "काका, घरातून निघून आधी जिकडे तोंड कराल ती दिशा. तुम्ही बंगळूरला चालत थोडेच निघालात?" म्हणजे विमानतळाची वाट. त्या वाटेवर थाटीपुरात आजोबांचे जुने कचेरीतले मित्र राहतात. तेही आपल्यासारखेच, दक्षिणेतून इकडे येऊन पिढ्या झालेले, आणि सोवळ्याओवळ्यात आजोबांच्या चार पावलं पुढे. जागा ठरली. वेळ ठरली, बुधवारी सकाळी नऊच्या पुढे.

राहिला प्रश्न गाठोड्यात काय ठेवायचं याचा. तांदूळ आणि सुपारी मी काढून दिली. आजोबा म्हणाले, "आपलं स्वतःचंही काही लागतं. वडील उपरणं ठेवायचे. मी उपरणं घेत नाही. ठेवून काय खरं?"

मी बॅग भरत होते. माझ्या हातात यादी होती, बत्तीस वस्तूंची. मी मान वर न करता म्हटलं, "ज्याच्यावाचून तुम्हाला जाताच येणार नाही, असं काहीतरी ठेवा."

हे वाक्य माझं आहे. ते मी नाकारत नाही.

बुधवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी आजोबा रिक्षाने थाटीपुरात जाऊन गाठोडं ठेवून आले. मित्राने ते देवघरात ठेवलं. गुरुवारी साडेअकराला आम्ही ते घ्यायला येणार असं ठरलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मोबाइलवर संदेश आला. विमानाची वेळ बदलली. दोनच्या ऐवजी बारा वीस. स्लॉट ऊन-पावसासारखा असतो, त्याचं काही कारण नसतं. आजोबांचा चेहरा उजळला. "बघितलंस? राहुकाळाच्या आधी! काल प्रस्थान ठेवलं आणि आज वेळ बदलली."

"फौजेपर्यंत पोचलं म्हणायचं तुमचं गाठोडं," मी म्हटलं. पण मला बोलायला वेळ नव्हता. साडेअकराला थाटीपुरात पोचायची माझी सगळी आखणी मोडली होती. मी टॅक्सीवाल्याला ताबडतोब बोलावलं, गॅस बंद केला, आणि आजोबांना खाली वाकता येत नाही म्हणून त्यांच्या बुटांच्या नाड्या मीच बांधल्या, दुहेरी गाठ मारून, वाटेत सुटू नयेत म्हणून.

सव्वादहाला आम्ही थाटीपुरात. दाराला कुलूप. आजोबांनी मित्राला फोन लावला. फोन घरातच वाजला. तो चार्जिंगला लावून ते बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी मुलीकडे गेलेल्या. शेजारच्या बाई गच्चीवरून म्हणाल्या, "अंकलजी तो सुबह से निकले हैं. पीछे वाली गली में गमी हो गई ना, अर्थी के साथ गए हैं."

मी घड्याळ पाहिलं. विमानतळावरचा काउंटर अकरा वीसला बंद होणार होता. मी म्हटलं, "चला. राहू दे गाठोडं. राहुकाळाच्या आधीच निघतोय, मग त्याची गरजच काय? मूठभर तांदूळ आणि सुपारी तर आहे त्यात."

आजोबा हलले नाहीत.

"अहो, चला ना."

"त्यात माझं आधार कार्ड आहे."

"काय?"

"तूच म्हणालीस. ज्याच्यावाचून जाताच येणार नाही."

मुलांनो, मी चाळीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. शब्दशः अर्थ घेणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. पण त्यातला सगळ्यात हुशार माझ्याच घरात आहे हे मला त्या पायरीवर समजलं. दुसरं कुठलंही कार्ड सोबत नव्हतं. आधार मोबाइलवर उघडावं तर त्याला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. बत्तीस वस्तूंच्या माझ्या यादीत "आजोबांचं कार्ड" पुढे बरोबरची खूण होती, कारण आदल्या दिवशी मी विचारल्यावर ते म्हणाले होते, "ठेवलंय."

टॅक्सीवाला भला माणूस, पण शांत बसणारा नव्हे. "बाबूजी, ताला तोड़ दें?"

"दुसऱ्याच्या घराचं?" आजोबा कडाडले.

"दोस्त का ही तो है."

आजोबा पायरीवर बसले. त्यांनी बंगळूरला फोन लावला. आक्कांच्या मुलाने फोन त्यांच्या कानाशी धरला असावा, कारण पलीकडून बारीक आवाज आला, "कोण बोलतंय?" आजोबा म्हणाले, "आक्का, मी."  मग, "कोण मी?" आजोबांनी फोन बंद केला आणि तो हातात तसाच धरून बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

अकराला दहा कमी असताना मित्र गल्लीच्या तोंडाशी दिसले. खांद्यावर पंचा, हातात चपला. आम्हाला पाहून ते दहा पावलांवर थांबले.

"अरे यार, तुम्ही आत्ताच? वहिनी, मागे सरका! मला शिवू नका, मी स्मशानातून येतोय."

"गाठोडं दे," आजोबा म्हणाले.

"देतो ना. आंघोळ करून देतो. असा देवघरात कसा जाऊ?"

"किती वेळ?"

"गीझर लावतो. पंधरा-वीस मिनिटं. मग सोवळं नेसून..."

"किल्ली टाक."

"अरे, किल्ली पण माझ्या खिशातली आहे, तिलाही..."

"टाक म्हणतो ना!"

मित्राने किल्ली जमिनीवर टाकली. आजोबांनी ती उचलली. त्यांना वाकता येत नाही, हे मी आत्ताच वर लिहिलं आहे. कुलूप उघडलं आणि ते आत शिरले.

"बूट!" मित्र बाहेरून ओरडले. "अरे, बूट काढ! देवघर आहे!"

आजोबा थांबले. खाली पाहिलं. दुहेरी गाठी होत्या. मग ते तसेच पुढे गेले, चामड्याचे बूट घालून, लख्ख फरशीवर ठसे उमटवत, सरळ देवघरात. याच माणसाने एकदा मोजे घालून आरतीला उभं राहिल्याबद्दल तुमच्या आईशी दोन दिवस अबोला धरला होता. बाहेर त्यांच्या मित्राने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

गाठोडं घेऊन ते बाहेर आले. मित्राने बोटांच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "आता मला सगळं घर धुवावं लागणार."

"धू," आजोबा म्हणाले, आणि गाडीत बसले.

 गोले का मंदिरच्या चौकात टॅक्सीवाल्याने आरशातून पाहत म्हटलं, "बाबूजी, गठरी में ऐसा क्या है?" आजोबा म्हणाले, "चावल." त्याने गाडी आणखी जोरात हाणली. काउंटरवर पोचलो तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. कार्डाला तांदळाचे दाणे चिकटले होते. तिथल्या मुलीने ते झटकले आणि "हॅव अ नाइस फ्लाइट" म्हणाली.

विमानात काही घडलं नाही. आजोबांनी खिडकीतून एकदा खाली पाहिलं, किल्ला हातरुमालाएवढा दिसला, आणि ते म्हणाले, "एवढंच?" ढाई घंटे किराणावाल्याने बरोबर सांगितले होते. बंगळूरच्या विमानतळावरून हॉस्पिटलला पोचायलाही जवळजवळ तेवढेच लागतात, हे त्याला माहीत नव्हतं.

साडेपाचला आम्ही आक्कांच्या खोलीत गेलो. भेटायची वेळ सहापर्यंत होती. आक्का उशीवर फार लहान दिसत होत्या. त्यांच्या मुलाने विचारलं, "आई, बघ कोण आलंय."

आजोबा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.  आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटलं, झालं. मग त्या म्हणाल्या, "शर्टाचं बटण चुकीचं लावलंयस."

आजोबांनी खाली पाहिलं. खरंच लावलं होतं. सकाळच्या घाईत बटणं माझ्या यादीत नव्हती.

"इकडे ये," आक्का म्हणाल्या. त्यांनी सलाइन नसलेल्या हाताने दोन बटणं सोडून नीट लावली. एका बटणाला पाच मिनिटं लागली. आजोबा तेवढा वेळ वाकून उभे राहिले. मग आक्कांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "बाळ, या बाई कोण?"

"माझ्याबरोबर आल्यात," आजोबा म्हणाले.

बावन्न वर्षांत माझी इतकी मोजकी ओळख कुणी करून दिली नव्हती. मी नमस्कार केला.

ऑपरेशन नीट पार पडलं. भुलीनंतर दोन दिवस आक्का कुणालाच ओळखत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आजोबांना "बाबा" म्हटलं, म्हणजे त्यांच्या वडिलांना हाक मारावी तसं. आजोबांनी "हं" म्हणून उत्तर दिलं. पुढे काही सकाळी ते भाऊ असत, काही सकाळी वडील, आणि एकदा शाळेचे हेडमास्तर. ते तिन्ही कामं बजावत होते. रोज दहा ते सहा. कंबरेचा उल्लेख नव्हता.

आमचं परतीचं विमान पुढच्या गुरुवारी होतं. आदल्या दिवशी आक्कांच्या मुलाने विचारलं, "मामा, उद्या विमानतळावर कितीला सोडू?" आजोबांनी त्याच्या घरचं पंचांग मागितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्याचा दिवस बरा नाही." शनिवारही बरा निघाला नाही. त्यानंतरचा मंगळवार तर अजिबातच नाही. मी स्वतः पंचांग उघडून पाहिलं. मंगळवारी उत्तरेला दिशाशूल आहे ते खरं, पण गुरुवार आणि शनिवार उत्तरेकडे जायला अगदी निर्दोष होते. मी पंचांग मिटलं आणि विमानकंपनीला फोन करून तिकिटं रद्द केली. तिथल्या मुलीने कारण विचारलं. मी म्हटलं, "ऊपर से आया है."

तेवीस दिवस राहिलो. एका दुपारी आक्कांनी स्वतःच विचारलं, "तू जाणार कधी?" त्या दिवशी ते भाऊ होते.

"दिवस चांगला सापडत नाही, आक्का."

"मग नीट बघ हो," आक्का म्हणाल्या, आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून नुसते डोळे मिटले. "घाई करू नकोस."